कांद्याची साल आणि गाईचं कोटीपोट

नमस्कार, शेतकरी बंधू-भगिनींनो.

परवा गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एका गोठ्यावर गेलो होतो. पडवीत कांद्याच्या सालींनी भरलेलं पोतं. मावशी म्हणाल्या, "डॉक्टर, ह्यात क्वेरसेटिन असतं म्हणे. गाभण गाईच्या आंबोणात घालू?" मी म्हटलं, मावशी, आधी ते पोतं गाईपासून लांब ठेवा.

सालीत क्वेरसेटिन भरपूर असतं, हे खरं. वनस्पतींतला हा पिवळा फ्लेवोनॉइड पेशींची झीज आणि सूज रोखायला मदत करतो. गाय व्याली की दूध वाढतं, खाणं पुरत नाही, अंगची चरबी सुटून यकृतात साचते; म्हणून संशोधकांचं त्याच्याकडे लक्ष आहे. पण कांद्यात गंधकाची संयुगंही असतात. ती रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, लघवी कॉफीसारखी काळपट होते, जनावर दगावतंसुद्धा. गाईला हे शेळी-मेंढीपेक्षा जास्त बाधतं, आणि सालींच्या पोत्यात सडके कांदे हमखास येतात.

दुसरी अडचण कोटीपोटाची, म्हणजे गाईच्या चार पोटांतल्या पहिल्या, मोठ्या पोटाची. गाईनं पचवायच्या आधीच तिथले जिवाणू क्वेरसेटिन मोडून टाकतात. मग द्यायचं कसं? दुभत्या गाईंच्या कोटीपोटात थेट सोडून पाहिलं, तेव्हा नुसत्या क्वेरसेटिनपेक्षा रुटिनमधून ते रक्तात जास्त पोचलं. रुटिन म्हणजे साखरेला जोडलेलं क्वेरसेटिन. मला तरी हे फार मोलाचं वाटतं, कारण झाडपाल्यात ते बहुतेक अशा साखरजोड रूपातच असतं. आपल्या परसातल्या मशिंगाच्या, म्हणजे शेवग्याच्या, पाल्यातही. तो सावलीत सुकवून थोडा थोडा आंबोणात मिसळा, प्रथिनंही मिळतील. मात्र औषध म्हणून त्यावर विसंबू नका.

दुसरा मार्ग चरबीचा लेप दिलेल्या क्वेरसेटिनच्या दाण्यांचा. लेप कोटीपोटात टिकतो, पुढे आतड्यात सुटतो. असे दाणे भरडू नका, गरम पाण्यात कालवू नका. लेप गेला की पैसे गेले.

वासराचं वेगळं. ते दूध चोखतं तेव्हा अन्ननलिकेच्या टोकाची खाच मिटते आणि दूध कोटीपोट टाळून थेट चौथ्या पोटात जातं. दुधातून दिलेलं औषधही त्याच वाटेनं जातं.

आणि पातळ औषध पाजताना गाईची मान वर ताणू नका. बाटलीचं तोंड गालाच्या बाजूनं आत घाला, एकेक घोट गिळू द्या. खोकली की लगेच थांबा, डोकं खाली सोडा. औषध फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो.