टाचेवरचा फोड

[पहाट. करवीर तालुक्यातलं एक घर. बंब पेटलेला.]

दुधाच्या किटल्या वाजायच्या आधी ही आई उठते. दोन वर्षांच्या लेकराच्या पट्ट्या बदलायच्या असतात. जखमेला चिकटलेली पट्टी ती ओढत नाही. कोमट पाण्यात आपसूक सुटेपर्यंत थांबते. नवा फोड दिसला की निर्जंतुक सुईनं खालच्या कडेला छिद्र, पाणी निथळू द्यायचं. वरची कातडी मात्र काढायची नाही, तेच जखमेचं पांघरूण. मग व्हॅसलीनची जाळीदार पट्टी, प्रत्येक बोटाला वेगळी. नाहीतर बोटं एकमेकांना चिकटून हाताची मूठ होते. अंगडं उलटं घालायचं, शिवण बाहेर. बाळाला काखेत धरून उचलायचं नाही.

आजाराचं नाव एपिडर्मोलिसिस बुलोसा. त्वचेचे थर एकमेकांना धरून ठेवणारी प्रथिनं असतात. या बाळात त्यातलं कोलेजन सात नीट तयार होत नाही. जरा घासलं की फोड. तोंडात, अन्ननलिकेतसुद्धा.

जन्मतःच एका टाचेला कातडी नव्हती. शेजारणी म्हणाल्या, गरोदरपणी ग्रहणात काहीतरी चिरलं असणार. दवाखान्यात जंतुसंसर्ग समजून औषधं सुरू झाली आणि सलाईनची चिकटपट्टी काढताना मनगटाची सालच निघाली. आई ते सांगताना आजही स्वतःचं मनगट धरते.

[त्वचारोगतज्ज्ञांची खोली.]

ताज्या फोडाच्या कडेचा लहानसा तुकडा तपासायला गेला. चकाकणारी रसायनं लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की कातडी नेमकी कोणत्या थरात सुटते ते कळतं. मग तिघांच्या रक्ताची जनुक तपासणी झाली. आई ही वडिलांच्या सख्ख्या मामाची मुलगी. दोघांकडे सदोष जनुकाची एकेक प्रत, दोघंही ठणठणीत. अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात बाळाला दोन्ही सदोष प्रती मिळून हा आजार होण्याची चारात एक शक्यता. आपल्याकडे मामाची मुलगी करतात, म्हणून हे स्पष्ट सांगायलाच हवं. पुढच्या वेळी अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा नमुना तपासता येतो. आणि ग्रहणाचा याच्याशी काडीचाही संबंध नाही.

2023 साली अमेरिकेत जखमेवर थेंबथेंब सोडायच्या जनुकीय जेलला मान्यता मिळाली. त्याची किंमत या घराच्या आवाक्याबाहेरची. इथला उपचार म्हणजे या पट्ट्या, रक्त कमी होऊ नये म्हणून लोह, आणि मऊ, गार, बिनतिखटाची पेज.

[खुंटीला टांगलेली इवलीशी कापशी, म्हणजे कोल्हापुरी चामड्याची चप्पल.]

आजोबांनी हौसेनं बारशाला आणली होती. बाळाच्या पायात मात्र आईनं जुन्या सुती लुगड्याचे, आत कापूस भरलेले बूट शिवून घातलेत. बाळ उंबऱ्यापर्यंत चालतं. आई खाली बसून टाच बघते.