पत्र्यावर चुकीचा हात पडल्यानंतर

(सोलापुरात जुन्या मोटारींची हौस असलेल्या मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मित्रहो, १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना करणारे वालचंद हिराचंद १८८२ साली याच सोलापुरात जन्मले, त्यामुळे कुर्ल्याच्या त्या कारखान्यातून निघालेली गाडी मला नेहमी आपल्या घरच्या माणसासारखी वाटत आली आहे. माझ्याकडची त्याच कारखान्याची प्रीमियर पद्मिनी मोटार १९७४ ची आहे, म्हणजे प्रेसिडेंट हे नाव जाऊन पद्मिनी हे नाव आले त्या वर्षातली. तीन वर्षांपूर्वी तिच्या डाव्या मागच्या दाराचा खालचा काठ आणि दाराखालचा उंबरा गंजला म्हणून मी ती एका गॅरेजमध्ये डेंटिंग-पेंटिंगसाठी दिली. गॅरेजचे नाव मी सांगणार नाही. आपल्यापैकी काहींना ते ओळखू येईल, त्यांनीही ते मनातच ठेवावे.

महिन्याभराने गाडी परत आली तेव्हा ती संध्याकाळच्या उजेडात देखणी दिसत होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या तिरप्या उन्हात पाहिले तर दारावरची कारखान्यात उमटवलेली धारदार घडी ग्राइंडरने घासून गोल झालेली होती, समोरच्या काचेवर बारीक ठिणग्यांचे डाग पडले होते, गंजलेला उंबरा कापून काढण्याऐवजी त्याच्यावरच नवा पत्रा वेल्डिंगचे टाके मारून चढवला होता, आणि चासी नंबर, म्हणजे गाडीवर कोरलेला तिचा ओळख क्रमांक, रंगाखाली गेला होता. दाराच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी जी भोके असतात तीही लांबी, म्हणजे पत्र्यावरचे खळगे भरायची पुट्टी, भरून बुजवली होती, पण ते मला पुढच्या पावसाळ्यापर्यंत कळलेच नाही.

त्या सकाळी मी जे केले ते आपण कोणी करू नये, आणि आजच्या व्याख्यानाचा बराचसा भाग त्याच एका चुकीविषयी आहे. मी संतापाने गाडी घेऊन पुन्हा त्याच गॅरेजमध्ये गेलो आणि म्हणालो, “तुम्ही बिघडवले आहे, तुम्हीच नीट करून द्या.” हे वाक्य न्यायाचे वाटते, परंतु जुन्या गाडीच्या बाबतीत ते घातक असते. ज्या हाताने घडी घासली त्या हाताला ती घडी पुन्हा उठवता येत असती तर त्याने ती मुळात घासलीच नसती. झाले असे की हरवलेली धार परत आणण्यासाठी त्यांनी तिथे लांबीचा जाड थर दिला, तो पाण्याच्या पेपरने, म्हणजे ओल्या घासकागदाने, घासून कडा काढली, आणि ती कडा बसत नाही म्हणून मागून हातोड्याने पत्रा उचलला. पत्रा ताणला गेला. तेव्हापासून त्या जागी अंगठ्याने दाबले की डब्याचे झाकण वाजावे तसा तो आत-बाहेर होऊ लागला. आधी चूक फक्त कडेत होती, ती आता सगळ्या दारात पसरली.

यामागचे कारण समजून घ्यावे लागेल. रंग बिघडला तर तो उतरवून पुन्हा देता येतो. पत्रा गेला की गेला. या गाड्यांचा पत्रा साधारण मिलिमीटरभर किंवा त्याहून कमी जाडीचा असतो, आणि ग्राइंडरची चकती एका जागी चार-पाच सेकंद जास्त टेकली तरी तो पातळही होतो आणि उष्णतेने वाकडाही होतो. शिवाय पद्मिनीला जुन्या जीपसारखा वेगळा सांगाडा नाही. बॉडी हाच तिचा सांगाडा आहे, त्यामुळे दाराखालचा उंबरा केवळ दिसण्यासाठी नसून वजन तोलण्यासाठी असतो. गंजावर नवा पत्रा चढवला की आतला गंज झाकला जातो, थांबत नाही, आणि काही वर्षांनी दारांच्या फटी वरून अरुंद व खालून रुंद दिसू लागल्यावरच मालकाला शंका येते. बदली भागांची स्थितीही आपण जाणता. पद्मिनीचे उत्पादन बंद होऊन दोन तपे उलटली, आणि मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटच्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर गेल्यानंतर भंगारात सापडणारी धड दारेही कमी होत चालली आहेत.

म्हणून नुकसान दिसताच पहिले काम म्हणजे सगळे हात थांबवणे, आपले स्वतःचेही. डाग दिसला म्हणून थिनरचा बोळा फिरवू नका, कारण खाली जुना एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग असेल तर तो विरघळून निघेल आणि गॅरेजवाला उद्या तोच तुमचा उपद्व्याप म्हणून दाखवील. ठिणग्यांनी पडलेले काचेवरचे डाग ब्लेडने खरवडू नका; तापलेले लोखंडाचे कण काचेत रुतून बसलेले असतात, ओरखडे मात्र नवे पडतात. पाहणी करायची ती न खरवडता. मऊ कपड्यात गुंडाळलेला साधा लोहचुंबक पत्र्यावरून फिरवला तर जिथे तो सुटतो तिथे लांबी जाड आहे असे समजावे. रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र कोणाकडून मिळाले तर फारच उत्तम. नीट दिलेल्या रंगाचा थर साधारण १०० ते ३०० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतो, आणि आकडा हजाराच्या वर गेला की खाली काय आहे ते कोणी सांगावे लागत नाही. प्रत्येक जागी पट्टी किंवा नाणे शेजारी ठेवून छायाचित्र काढावे, म्हणजे मापाचा वाद राहत नाही.

चासी नंबरकडे मात्र ताबडतोब पाहावे. रंगाचा थर असेल तर तो जाणत्याकडून हळुवार उतरवून घेता येतो. पण तिथे ग्राइंडर फिरला असेल तर नोंदणीच्या नूतनीकरणाच्या वेळी आरटीओत नंबरावर कागद ठेवून घेतलेला पेन्सिलचा ठसा जुळणार नाही, आणि मग मालकाच्या प्रामाणिकपणावरच प्रश्न उभा राहतो. २०२१ च्या नियमांनी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेल्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीची स्वतंत्र सोय केली आहे, परंतु तिथेही अट हीच की गाडी मूळ स्वरूपात असावी आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार नसावा. माझी गाडी आता वयाने त्या नियमात बसते. बॉडीच्या बाबतीत बसेल की नाही, हे उंबऱ्याचे काम कोणी आणि कसे केले यावर अवलंबून आहे.

आता पैशाची आणि कायद्याची बाजू. मी वकील नाही, पण या प्रकरणात वाचावे लागले तेवढे वाचले आहे. गॅरेजमध्ये सोडलेली गाडी ही भारतीय करार कायदा १८७२ प्रमाणे निक्षेप, म्हणजे काही कामासाठी दुसऱ्याच्या ताब्यात दिलेली वस्तू, ठरते, आणि कलम १५१ सांगते की शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेतो तेवढी काळजी वस्तू सांभाळणाऱ्याने घेतली पाहिजे. ‘गाडी मालकाच्या जोखमीवर’ अशी पाटी भिंतीवर टांगली म्हणजे निष्काळजीपणा माफ झाला, असे मला वाटत नाही. त्याच कायद्याचे कलम १७० मात्र कारागिराच्या बाजूचे आहे: त्याने करारानुसार केलेल्या कामाचे पैसे मिळेपर्यंत तो वस्तू अडवून ठेवू शकतो. म्हणून काम वाईट झाले या कारणाने दारात भांडत बसून गाडी आणखी पंधरा दिवस उघड्यावर ठेवण्यापेक्षा, बिलावर ‘काम मान्य नाही, हरकत नोंदवून रक्कम दिली’ असे लिहून, पैसे बँकेतून देऊन गाडी घरी आणणे मी शहाणपणाचे मानतो. आपल्याकडे एप्रिल-मेच्या उन्हात उघडा पत्रा आणि रबर बीडिंग यांचे काय होते ते इथे कोणाला सांगायला नको.

त्यानंतर लेखी नोटीस द्यावी. तीत शिव्याशाप नसावेत; काय ठरले होते, काय झाले, ते नीट करायला त्रयस्थ कारागीर किती खर्च सांगतो, एवढेच असावे. उपयोग झाला नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. तक्रारदार जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते, मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची असते, आणि सेवेपोटी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. पण आयोगापुढे ‘पूर्वी दार छान होते’ हे सांगून भागत नाही. माझी बाजू लंगडी पडली ती इथेच. गाडी देताना मी तोंडी बोललो होतो, आधीची छायाचित्रे लग्नकार्यातली होती, आणि त्यांत दारापेक्षा माणसेच जास्त होती! गॅरेजने शेवटी बिलाची निम्मी रक्कम परत केली. मी ती घेतली, कारण माझ्याकडे पुरावाही निम्माच होता.

आता गाडी देताना मी कागदावर लिहून देतो की गंजलेला भाग कापून काढायचा, त्यावर पत्रा चढवायचा नाही. लांबीचा थर तीन मिलिमीटरपेक्षा जाड नको. ग्राइंडर चालवताना काचा जाड ओल्या गोणपाटाने झाकायच्या. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची तार काढायची. काढलेली प्रत्येक क्रोम पट्टी, क्लिप आणि बीडिंग मालकाला परत द्यायचे, तुटलेले असले तरी. शेवटची अट ऐकून मिस्त्री हसतात. पण तुटलेल्या क्लिपवरून नवी बनवता येते, हरवलेलीवरून येत नाही. रंग देण्याआधी उघडा पत्रा मला दाखवायचा, हीही अट असते, आणि त्या दिवशी मी रजा काढून जातो. चांगल्या कारागिराला याचा राग येत नाही, असा माझा अनुभव आहे. ज्याला येतो त्याच्याकडे गाडी ठेवायची नाही.

ते दार शेवटी मी दुसऱ्या एका वयस्क मिस्त्रींकडे नेले. त्यांनी आधी सगळी लांबी उतरवली, ताणलेला पत्रा थोडा-थोडा तापवून आणि गार करून आकसवला, आणि डॉली-हातोड्याने (डॉली म्हणजे पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा) घडी उठवायला सहा आठवडे घेतले. घडी पूर्वीइतकी धारदार झालेली नाही, हे त्यांनीच मला आधी दाखवले. गाडी ताब्यात देताना त्यांनी रंगाविषयी अवाक्षर काढले नाही. काचेच्या फटीतून दारात तांब्याभर पाणी ओतले आणि ते खालच्या भोकांतून जमिनीवर पडेपर्यंत आम्ही दोघे उकिडवे बसून पाहत राहिलो.