ताण किती पौंडांचा?

यंत्रावर टेनिस रॅकेटची फ्रेम चहूबाजूंनी घट्ट धरलेली आहे, कारण तारांची ओढ सुरू झाली की मोकळ्या फ्रेमचा आकार बिघडू शकतो. गटिंग करणारे, म्हणजे रॅकेटला तारा बसवणारे कारागीर मधल्या उभ्या तारांपासून सुरुवात करतात, कधी डावीकडची तर कधी उजवीकडची तार ओढत कडेपर्यंत पोहोचतात, आणि मग आडवी तार एका उभ्या तारेवरून व पुढचीच्या खालून विणत नेतात.

बहुतेक रॅकेटवर पन्नाशी ते साठीच्या आसपासच्या पौंडांची शिफारस छापलेली असते. ताण कमी असेल तर तारा चेंडूखाली अधिक दबतात आणि तो लांब जातो. ताण वाढवला की पल्ला घटतो, म्हणून जोरकस फटका मारणाऱ्याला चेंडू रेषेच्या आत ठेवणे सोपे जाते. पीट सॅम्प्रस आपल्या 85 चौरस इंची रॅकेटला 70 पौंडांहून अधिक ताण देत असत. तेवढा ताण पेलायला तसाच खांदा हवा.

तारेची निवड त्याहून महत्त्वाची आहे. गाईच्या आतड्यापासून बनणारे नैसर्गिक गट हाताला मऊ लागते आणि ताणही छान टिकवते. मात्र ते महाग असते आणि आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात फार जपावे लागते. 1997 मध्ये गुस्तावो कुएर्तन यांनी पॉलिएस्टरच्या तारांनी फ्रेंच ओपन जिंकली, आणि पुढे या तारांचा बोलबाला झाला. टॉपस्पिन, म्हणजे चेंडूला पुढच्या दिशेने फिरवणारा फटका, मारताना या गुळगुळीत उभ्या तारा बाजूला सरकतात व झटक्यात जागेवर परततात, त्यामुळे चेंडूला जादा फिरकी मिळते. रॉजर फेडरर उभ्या तारा गटच्या आणि आडव्या पॉलिएस्टरच्या ठेवत असत.

पण पॉलिएस्टर कडक असते आणि त्याचा ताण लवकर उतरतो. व्यावसायिक खेळाडू सामन्यागणिक ताजे गटिंग वापरतात; क्लबमधला खेळाडू तेच महिनोन्‌महिने वापरतो, आणि निर्जीव झालेल्या तारांचे हादरे त्याच्या कोपराला सोसावे लागतात. ज्याचा स्विंग आखूड आहे किंवा कोपर दुखते आहे, त्याने बारीक तंतूंची मऊ मल्टिफिलामेंट तार घ्यावी आणि शिफारशीच्या मध्यापासून सुरुवात करावी, असे आम्ही आग्रहाने सांगू. चेंडू सारखा बाहेर जात असेल तर पुढच्या वेळी ताण दोनच पौंडांनी वाढवावा, आणि तारीख व ताण लिहिलेली चिठ्ठी रॅकेटच्या गळ्यापाशी आतल्या बाजूला चिकटवून घ्यावी.