पृथ्वीच्या फिरण्याचा हिशेब

श्रोतेहो, नमस्कार.

श्रीहरिकोट्याच्या तळावर उभं असलेलं रॉकेट आपल्याला स्थिर दिसतं. पण तेव्हाही ते सेकंदाला सुमारे ४५० मीटर वेगानं पूर्वेकडे चाललेलं असतं, कारण खालची जमीनच तशी फिरते आहे. म्हणून भूस्थिर कक्षेच्या, म्हणजे जिथला उपग्रह पृथ्वीबरोबरच फिरत आकाशात एकाच जागी दिसतो त्या कक्षेच्या, वाटेवरची रॉकेटं पूर्वेला, बंगालच्या उपसागरावरून झेपावतात. ध्रुवांवरून फिरणाऱ्या उपग्रहांना मात्र या आयत्या वेगाचा उपयोग नसतो.

पृथ्वीजवळच्या कक्षेत टिकायला सेकंदाला पावणेआठ किलोमीटरच्या आसपास वेग लागतो. मग उरलेलं फिरणं येतं कुठून? फिरण्याचं माप म्हणजे कोनीय संवेग. वस्तुमान, वेग आणि आसापासूनचं अंतर यांवर तो ठरतो, आणि बाहेरून कुणी पीळ दिला नाही, तर त्याची एकूण बेरीज बदलत नाही. रॉकेट पूर्वेकडे वेग घेतं ते तापलेले वायू मागे, पश्चिमेकडे फेकून. ते वायू हवेत मिसळतात, हवा जमिनीला आणि समुद्राला घासते, आणि उपग्रहाला मिळालेलं फिरणं अखेर पृथ्वीच्या खात्यातून वजा होतं. पृथ्वी इतकी अवजड, की ही घट कुठल्याच घड्याळाला कळत नाही. पण होते नक्की! पुढे तो उपग्रह हवेच्या घर्षणानं खाली येऊन जळाला, की उसनं घेतलेलं परत जमा होतं.

वाऱ्यांची देवघेव मात्र मोजता येते. १९८२-८३च्या एल निनोच्या, म्हणजे प्रशांत महासागराचं विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा तापण्याच्या, वेळी पश्चिमेकडून पूर्वेला वाहणारे वारे एवढे जोरावले, की पृथ्वी किंचित मंदावली आणि दिवस जवळजवळ एका मिलिसेकंदानं लांबला. नुसत्या वाऱ्यानं दिवसाची लांबी बदलावी, हे मला आजही विलक्षण वाटतं.

सगळ्यात मोठा वाटेकरी आहे चंद्र. भरती-ओहोटीच्या घर्षणानं पृथ्वी मंदावते, आणि तिनं गमावलेला संवेग चंद्राकडे जाऊन तो दूर सरकतो. १९६९मध्ये अपोलो ११च्या अंतराळवीरांनी तिथे परावर्तक ठेवले. त्यांच्यावर लेझर सोडून मोजलं, तर चंद्र दरवर्षी ३.८ सेंटिमीटर लांब जातो आहे. जुना पुरावा प्रवाळांत सापडतो. त्यांच्या सांगाड्यावर रोजच्या वाढीची बारीक रेघ उमटते. १९६३मध्ये जीवाश्मांचे अभ्यासक जॉन वेल्स यांनी डेव्होनियन काळातल्या, म्हणजे चाळीसएक कोटी वर्षांपूर्वीच्या प्रवाळांवरच्या रेघा मोजल्या. वर्षाला त्या ४००च्या आसपास भरल्या. वर्ष तेवढंच होतं, दिवस मात्र बावीस तासांचा होता.