तबेल्यातले उंदीर आणि आपली लस

श्रोतेहो, नमस्कार.

कोविडच्या दिवसांत अँटीबॉडीची तपासणी करून तो आकडा व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायची टूम निघाली होती, आठवतंय ना? आकडा उतरला की लोक म्हणायचे, लस संपली. पण त्या तपासणीत टी पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, मोजतच नाहीत. पुन्हा सांगतो, टी पेशी त्यात मोजतच नाहीत.

या पेशींची गोष्ट मला फार आवडते. साल 1961. लंडनबाहेर घोड्यांच्या जुन्या तबेल्यात थाटलेली प्रयोगशाळा. (आपल्याकडे आधी इमारत, मग कोनशिला, मग फीत, काम सवडीनं. असो.) तिथे जॅक मिलर नावाचा तिशीतला डॉक्टर उंदरांच्या रक्ताच्या कर्करोगाचा अभ्यास करत होता. त्यासाठी त्यानं नुकत्याच जन्मलेल्या पिलांची थायमस ग्रंथी काढली. छातीच्या हाडामागची ही ग्रंथी तेव्हा बिनकामाचीच समजत. पिलं आधी छान वाढली आणि दूध सुटल्यावर खंगून मरू लागली! मग मिलरनं त्यांच्या अंगावर परक्या जातीच्या उंदरांची कातडी लावून पाहिली. एरवी शरीर ती झिडकारतं. इथं ती रुजली, आणि तिच्यावर वेगळ्याच रंगाच्या केसांचा झुबका उगवला. आपलं कोण, परकं कोण, हे ओळखणारं आत कुणी उरलंच नव्हतं. तरी 1960 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळवलेले शास्त्रज्ञ पीटर मेदावर 1963 मध्येही थायमसमधल्या पेशींना उत्क्रांतीतला किरकोळ अपघात म्हणत होते. मोठी माणसं चुकतात तीही मोठ्या आवाजात!

तर थायमसमध्ये तयार होणाऱ्या त्याच या टी पेशी. अँटीबॉडी विषाणूला पेशीबाहेर अडवते. तो एकदा पेशीत शिरला की तिचा हात पोचत नाही. तिथून पुढचं काम टी पेशींचं. बाधित पेशी हुडकून त्या मारतात. म्हणून लस घेतल्यावरही सर्दी-ताप येतो, पण दवाखान्यात भरती व्हायची वेळ सहसा येत नाही. शिवाय चांगली अँटीबॉडी बनते तीही टी पेशींच्या मदतीनं.

आणि त्या टिकतात किती? 2003 च्या सार्समधून, म्हणजे कोविडच्याच भाऊबंद विषाणूच्या आजारातून, बऱ्या झालेल्या लोकांच्या रक्तात सिंगापूरच्या संशोधकांना तब्बल 17 वर्षांनी त्या सापडल्या. 17 वर्षांनी!

वयाबरोबर थायमस मात्र आक्रसते, नव्या टी पेशी कमी बनतात. तेव्हा घरातल्या आजी-आजोबांची लस 'आता या वयात कशाला' म्हणून पुढे ढकलू नका; डॉक्टरांना विचारून घ्या.