प्रभू पाठवतोय हे कसं ओळखावं?

(सोलापुरात, उन्हाळ्यात गावभेटींना निघणाऱ्या तरुणांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

जय ख्रिस्त.

तुमच्यातले काही बार्शीकडे जाणार, काही मंगळवेढ्याकडे, काही अक्कलकोटकडे. निघण्याआधी सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: वाटेत प्रभू बोलला तर कळणार कसं? मन कुठे बोलतं आणि प्रभू कुठे, हे वेगळं कसं करायचं?

‘प्रभूने मला सांगितलं’ हे वाक्य आपल्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, फार पटकन तोंडी येतं. ते एकदा उच्चारलं की समोरच्याला बोलायला जागाच उरत नाही. पाळक गप्प, वडील मंडळी गप्प, आईबाप गप्प. म्हणून हे वाक्य जपून वापरा. माझं म्हणणं असं आहे की प्रभूची प्रेरणा एकट्याला होऊ शकते, पण ती त्याचीच आहे हे पारखायला सोबतची माणसं लागतात.

नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा सोळावा अध्याय उघडा. प्रेषित पौल आणि त्याचे सोबती सीला व तीमथ्य चालत निघालेत. त्यांना आसिया प्रांतात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागात, वचन सांगायचंय, पण पवित्र आत्मा तिथे प्रतिबंध करतो. मग ते बिथुनिया प्रांताकडे वळायला बघतात, तिथेही मनाई. कशी मनाई झाली, ते हे पुस्तक लिहिणारा लूक सांगत नाही. आजारपण असेल, वाट बंद असेल, मनाला स्वस्थता नसेल. एवढं मात्र दिसतं की शेकडो किलोमीटरच्या त्या पायपिटीत त्यांना आधी फक्त ‘इकडे नको’ एवढंच कळत होतं. आणि हे त्यांना घरी बसून कळलेलं नाही. ते चालत होते, दारं ठोठावत होते.

शेवटी समुद्रकाठी, त्रोवसला, रात्री पौलाला दृष्टान्त होतो: समुद्रापलीकडच्या मासेदोनियाचा एक माणूस उभा राहून विनवतोय, इकडे येऊन आम्हांला साहाय्य कर. दृष्टान्त एकट्या पौलाला झाला. पण देवाने आपल्याला तिकडे बोलावलंय हा निष्कर्ष सगळ्यांनी मिळून काढला, आणि मगच ते निघाले. पौलासारखा पौल, त्यानेही दृष्टान्त सोबत्यांपुढे ठेवला.

पुढचं तर सोलापूरकरांनी विशेष लक्ष देऊन वाचावं. मासेदोनियातल्या फिलिप्पै शहरात पोचल्यावर तो दृष्टान्तातला माणूस कुठेच भेटत नाही. शब्बाथाच्या, म्हणजे यहुद्यांच्या विसाव्याच्या, दिवशी नदीकाठी काही बाया जमल्यात, त्यांच्यात लुदिया. जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी, म्हणजे आपल्याच धंद्यातली. तिचं गाव थुवतीरा. आणि थुवतीरा कुठे? आसियात! ज्या प्रांतात जायला मनाई झाली होती, तिथलीच बाई त्यांना समुद्रापलीकडे भेटते आणि तिचं घर मंडळीसाठी उघडतं. पुढे आसियातल्याच इफिसला पौल दोन वर्षं शिकवतो आणि सगळ्या आसियाच्या कानी वचन जातं. सोळाव्या अध्यायातला तो ‘नको’ कायमचा नव्हता.

त्याच फिलिप्पैत पौल आणि सीला यांना फटके बसतात, पाय खोड्यात अडकतात. तेव्हा एसटी चुकली म्हणून प्रभूने अडवलं, खिडकीजवळ जागा मिळाली म्हणून प्रभूने पाठवलं, असा अर्थ लगेच काढू नका. सोय-गैरसोयीवरून प्रभूची इच्छा कळत नाही.

मंगळवेढ्याच्या बाजूची गोष्ट सांगतो. मे महिना, काळ्या रानातून उन्हाच्या झळा येताहेत. आमच्यातला एक तरुण एकदम उठून म्हणाला, ‘प्रभू सांगतोय, आत्ताच्या आत्ता पुढच्या गावाला चला.’ चेहरा लाल, आवाज चढलेला. आमच्याबरोबर एक वयस्क बायबल बाई, म्हणजे घरोघरी जाऊन वचन सांगणाऱ्या बाई, होत्या, सगळे त्यांना अक्का म्हणत. अक्कांनी विचारलं, ‘बाळा, सकाळपासून पोटात काय गेलंय?’ काहीच गेलं नव्हतं, तो उपास धरून होता. अक्कांनी लिंबाखाली बसून फडकं सोडलं, कडक भाकरी मोडली, त्यावर शेंगाचटणी घातली, तेलाची धार धरली आणि त्याला म्हणाल्या, ‘खा, आणि घटकाभर पड. प्रभूला घाई असेल तर तो तुला उठवंल.’

कुणाला हे अविश्वासाचं बोलणं वाटेल. मला तसं वाटत नाही. जुन्या करारातल्या ‘पहिले राजे’ या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. ‘ऊठ, खा’ म्हणतो. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर, पाणी आणि झोप, पुन्हा भाकर. ती शांत, मंद वाणी एलीयाला ऐकू येते ती त्यानंतर चाळीस दिवसांची वाट चालल्यावर, होरेब डोंगरावर. भुकेल्या, जागरण झालेल्या माणसाला स्वतःचंच मन फार मोठ्याने ऐकू येतं.

तो तरुण उठला आणि तेच म्हणाला, या वेळी मात्र हळू आवाजात. अक्कांनी प्रार्थना केली, सगळ्यांना विचारलं, कुणाचीही हरकत नव्हती, आणि आम्ही निघालो. तिथे किती माणसं जमली हे मी सांगणार नाही, कारण गर्दीवरून मी प्रेरणेची पारख करत नाही.

प्रेरणा नेहमी आवाजाच्या रूपात येते असंही नाही. पुण्याच्या गाडीत दौंडनंतर केडगाव लागतं, तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. १८९६ साली मध्य भारतात दुष्काळ पडल्याचं त्यांनी ऐकलं. त्यांचे स्वतःचे आईवडील दुष्काळातच गेले होते, भूक म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होतं. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि उपाशी मुलींना, विधवांना घेऊन आल्या. दुसऱ्याची गरज आणि आपली आठवण एकत्र आली की तीही हाक असते.

आणखी एक, आणि हे मी फार कळकळीने सांगतो. तुम्हाला झालेली प्रेरणा दुसऱ्यावर लादू नका. नारायण वामन टिळकांना रेल्वेत एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार दिला. ‘वाचा’ एवढंच मागणं होतं. टिळकांनी वाचलं, शंका काढल्या, वाद घातले, आणि १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा झाला १९०० साली. एकाच घरातली दोन माणसं, आणि मध्ये पाच वर्षं. एखाद्या घरातून ‘नको’ आलं, तर नमस्कार करून उंबऱ्यावरूनच परत फिरा. ‘प्रभूने मला तुमच्याकडे पाठवलंय’ असा दबाव तिथे आणायचा नाही.

आता, तुकडीत एकमत झालंच नाही तर? कृत्यांच्या एकविसाव्या अध्यायात हाच पेच आहे. यरुशलेमेला निघालेला पौल कैसरियात थांबलाय, तिथे अगब नावाचा संदेष्टा पौलाच्या कमरपट्ट्याने स्वतःचे हातपाय बांधून दाखवतो: यरुशलेमेत तुझं असं होईल. सगळे रडून त्याला जाऊ नको म्हणतात. बंधनं वाट पाहताहेत हे दोन्ही बाजूंना ठाऊक आहे. मग जायचं की नाही, यावर मतभेद आहे. पौल ऐकत नाही. तेव्हा ते ‘प्रभूच्या इच्छेप्रमाणे होवो’ म्हणून थांबतात. कुणी कुणाला अविश्वासू ठरवत नाही. आणि कैसरियातले काही शिष्य पौलाबरोबर यरुशलेमेच्या वाटेला लागतात, त्याच्या मुक्कामाची सोय करायला.