मोबाइल डीजेसाठी छोटा बॅकअप स्पीकर: दोन मिनिटांत वाजला पाहिजे

[कॅमेऱ्यासमोर. टेबलावर दहा इंची पॉवर्ड (आतच अ‍ॅम्प्लिफायर असलेला) स्पीकर, पाठ कॅमेऱ्याकडे.]

नमस्कार मंडळी. लग्नसराईत सकाळी दांडिया बाजारात हळद, संध्याकाळी भायलीच्या पार्टी प्लॉटवर, म्हणजे समारंभाच्या मोकळ्या मैदानावर, संगीत, आणि सगळं सामान एकाच गाडीत. बडोद्यात असं काम करणाऱ्या डीजेंसाठी आजचा विषय आहे, छोटा बॅकअप स्पीकर कोणता घ्यायचा.

आधी त्याचं काम ठरवू. बॅकअपने मुख्य सिस्टिमची बरोबरी करायची नाहीये. गरब्याचा घेर रंगात आला असताना आवाज गेला, तर मंडळी टाळ्यांवर दोन-चार आवर्तनं काढतात, मग पावलं अडखळतात आणि लोक खुर्च्यांकडे वळतात. म्हणजे तुमच्या हातात फार तर दोन मिनिटं. तेवढ्यात एकट्या माणसाला उचलता, जोडता आणि वाजवता आला पाहिजे, तो बॅकअप. स्पीकर घेताना प्रत्येक गोष्ट याच कसोटीवर घासून बघा.

वजनाचं चटकन सांगतो. बारा किलोच्या आतला घ्या. स्टँडवर चढवताना तो छातीच्या वर उचलावा लागतो, आणि घाईत मदतीला कोणी नसतं. खाली ३५ मिलिमीटरचं स्टँडचं भोक आहे ना, तेही बघा. घरगुती पार्टी स्पीकरला ते बऱ्याचदा नसतं. मग स्पीकर जमिनीवर बसतो आणि पहिल्या रांगेतल्या काकूंच्या साड्याच सगळा आवाज खातात.

आता आवाज. खोक्यावरचे वॉट सोडून द्या. वॉट दुप्पट झाले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि छापलेला आकडा बहुधा क्षणभराच्या पीकचा असतो. माहितीपत्रकात ‘मॅक्स एसपीएल’ शोधा, म्हणजे स्पीकरच्या कमाल आवाजाचा डेसिबलमधला आकडा. तो एक मीटर अंतरावरचा असतो. त्यातून तीन वजाबाक्या करायच्या. गाण्याच्या पीक आणि सरासरीतला फरक म्हणून १२. स्पीकर धापा टाकत वाजू नये म्हणून राखीव ३. आणि उघड्या जागेत अंतर दुप्पट झालं की दर वेळी ६, म्हणजे आठ मीटरवर १८.

करून बघू. यामाहाचा डीबीआर १०, साडेदहा किलोचा, कंपनीचा आकडा १२९. त्यातून १२ गेले, ३ गेले, १८ गेले, उरले ९६. शंभर-दीडशे माणसांचा संगीत कार्यक्रम यावर निभावतो, जोडी असेल तर मजेत. आता जेबीएलचा इऑन वन कॉम्पॅक्ट. आठ किलो, बॅटरीवर चालणारा, आकडा ११२. तीच वजाबाकी केली की आठ मीटरवर उरतात ७९. मेहंदीला, केळवणाला उत्तम. पण पार्टी प्लॉटवर गरबा पेलायचं हे साधन नाही. स्पीकर वाईट आहे असं मुळीच नाही, त्याची जागा वेगळी आहे. दुकानात जायच्या आधी ही वजाबाकी घरी कागदावर करा.

खालच्या आवाजाचा हव्यास मात्र सोडा. आठ किंवा दहा इंची स्पीकरवर ढोलाचा घुमारा पूर्ण उतरत नाही. बास वाढवलात की लिमिटर, म्हणजे स्पीकरला जपणारं आतलं सर्किट, सगळाच आवाज दाबतो आणि गाणाऱ्याचा गळा आत जातो. उलट करा. हाय-पास फिल्टर, म्हणजे खालचा आवाज कापणारी सोय, असेल तर ८० ते १०० हर्ट्झवर लावा. बास थोडा जाईल, पण शब्द आणि ताल शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचतील.

[क्लोज-अप: स्पीकरची पाठ. बोट व्होल्टेजच्या पट्टीवर.]

ही बारीक अक्षरातली पट्टी नीट वाचा. इथं १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर निश्चिंत. बडोद्यात घरटी कुणी ना कुणी परदेशात असतं, त्यामुळे ‘दादा येताना घेऊन येईल’ हा मार्ग आपल्याकडे नेहमीचा. पण तिकडच्या काही मॉडेलवर फक्त १२० लिहिलेलं असतं. असा स्पीकर थेट आपल्या २३० व्होल्टवर लावला की संपला.

विजेचंच पुढे बोलू, कारण स्पीकर एका वेळी जोडीने जातात ते इथंच. पार्टी प्लॉटवर तीन फेजची वीज असते. कुठेतरी न्यूट्रल सुटला की २३० च्या जागी ४०० व्होल्टच्या दिशेने दाब चढू शकतो, आणि त्या लाइनवरचं जे जे लावलेलं असेल ते ते जळतं. म्हणून मल्टिमीटर जवळ ठेवा. प्लग लावण्याआधी फेज-न्यूट्रल मोजा, २३० च्या आसपास हवं. न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टपर्यंत चालतं, दहाच्या वर दिसलं तर मंडपवाल्याच्या वायरमनला बोलवा. आणि बॅकअप स्टँडवर चढवून, सिग्नलची केबल लावून तयार ठेवा, पण त्याचा पॉवर प्लग बाहेरच राहू द्या. मुख्य जोडी ज्या झटक्याने गेली त्याच झटक्याने बॅकअपही गेला, तर तो आणला कशाला? प्लग लावायला पाच सेकंद लागतात.

घरघर येते म्हणून अर्थची पिन काढू नका. कितीही घाई असो, नाहीच. जिवाशी खेळ आहे.

[क्लोज-अप: हातात दोन केबल.]

आता केबल. ऐन वेळी फजिती होते ती बहुतेक इथंच. पायोनियरच्या डीडीजे एफएलएक्स ४ सारख्या छोट्या कंट्रोलरला (लॅपटॉपवरची गाणी मिसळायचं यंत्र) मास्टर आउट फक्त आरसीए असतो, टीव्ही-डीव्हीडीला असतो तसा लाल-पांढरा. स्पीकरला इनपुट असतं एक्सएलआर (माइकचं तीन पिनांचं) आणि मोठ्या जॅकचं एकत्र. तीन मीटरपर्यंत आरसीए ते ६.३ मिलिमीटर मोनो जॅक अशी केबल चालते. त्यापुढे जायचं असेल तर दोन चॅनेलचा पॅसिव्ह डीआय बॉक्स, म्हणजे सिग्नल लांब केबलसाठी माइकसारखा करून देणारी छोटी पेटी, लावा, पुढे एक्सएलआर, आणि स्पीकरवरचा स्विच माइकवर. डीआय नसेल तर स्विच लाइनवर. हा स्विच उलटा राहिला तर आवाज फाटतो किंवा पुटपुटल्यासारखा येतो, आणि लोक स्पीकरला दोष देत बसतात. आरसीएचा सिग्नल व्यावसायिक लाइन लेव्हलपेक्षा साधारण १२ डेसिबल कमी असतो, त्यामुळे गेन, म्हणजे आत येणारा सिग्नल वाढवायचा नॉब, नेहमीपेक्षा वर न्यावा लागणार. तो किती, हे आदल्या दिवशी बघून नॉबवर खूण करून ठेवा.

ही दुसरी केबल बघा. एका टोकाला मोबाइलचा छोटा स्टिरिओ जॅक, दुसऱ्या टोकाला एकच एक्सएलआर. बाजारात तयार मिळते. हिच्यात डावा चॅनेल पिन २ वर आणि उजवा पिन ३ वर जोडलेला असेल, तर स्पीकर एकातून दुसरा वजा करतो. दोन्हीकडे सारखं असलेलं सगळं नाहीसं होतं, आणि गाण्यात मधोमध काय असतं? गाणाऱ्याचा आवाज. वाद्यं वाजतात, गायिका गायब! ही केबल पेटीतून काढूनच टाका. एकच स्पीकर वापरायचा असेल तर डावा पहिल्या चॅनेलला, उजवा दुसऱ्याला लावा. ज्या स्पीकरला दोन इनपुट आहेत तो दोन्ही आतच मिसळतो.

आणखी एक. बॅकअपचा सिग्नल मुख्य स्पीकरच्या मागच्या आउटमधून घेऊ नका. काही स्पीकरचा तो आउट वीज गेली की मुका होतो. मिक्सरच्या बूथ आउटमधून (डीजेच्या स्वतःच्या स्पीकरसाठीचा आउट) वेगळी केबल ओढा, म्हणजे कार्यक्रमाआधी आवाज तपासताना तोच स्पीकर तुमचा मॉनिटर, म्हणजे स्वतः ऐकायचा स्पीकर, होतो; मग प्लग पुन्हा बाहेर. रोज वाजणाऱ्या बॅकअपमध्ये काही बिघडलं तर ते कार्यक्रमाच्या आधी कळतं. ब्लूटूथवर मात्र भिस्त ठेवू नका. आवाज उशिरा येतो, बीट जुळवणं अशक्य.

बॅटरीवाल्या स्पीकरचा खरा उपयोग जनरेटर बदलताना. लॅपटॉप बॅटरीवर, कंट्रोलर लॅपटॉपच्या यूएसबीवर, स्पीकर स्वतःच्या बॅटरीवर. अंधार झाला तरी गाणं चालू. मध्ये अ‍ॅडॉप्टरवर चालणारा मिक्सर असेल तर मात्र साखळी तिथंच तुटते. बोसचा एस वन प्रो, सात किलोचा, कंपनी ११ तास सांगते, पण असे आकडे बेताच्या आवाजाचे असतात. पूर्ण चार्ज करा, कार्यक्रमाच्या आवाजात वाजवा आणि घड्याळ लावा. जो वेळ येईल तोच खरा. मे महिन्यात बंद गाडीत हा स्पीकर ठेवून जेवायला जाऊ नका, त्या उष्णतेत लिथियम बॅटरीचं आयुष्य झपाट्याने उतरतं. महिनाभर काम नसेल तर अर्ध्या चार्जवर ठेवा.

[कॅमेऱ्यासमोर.]

दुकानात जाताना आपला कंट्रोलर, आपल्या केबल आणि बडोद्यात हमखास वाजणारी तुमची गरब्याची फाइल घेऊन जा. लिमिटरचा दिवा लागेपर्यंत आवाज वाढवा, तिथून थोडा उतरवा, दहा मिनिटं तसाच वाजू द्या आणि पाठीला हात लावून बघा. आतला पंखा ऐकू येतो का तेही बघा. मॉनिटर म्हणून तो कानाजवळच असणार. मग सगळं सोडवा, मोबाइलवर घड्याळ लावा आणि पहिल्यापासून जोडा. स्टँड, प्लग, केबल, गेन. दोन मिनिटांच्या वर गेलं तर कुठे अडलं ते बघा. बऱ्याचदा स्टँडची खीळच अडकलेली असते.